कापण्याआधीचा फोटो

मी बार्शीचा. आमच्याकडे मासा म्हणजे उजनीचा, आणि तोही घरात कुणी खाणारं असलं तर. बँकेनं उरणला बदली केली तेव्हा शाखेतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात माझी परीक्षा घेतली. डब्यातला तुकडा समोर धरायचा आणि विचारायचं, "सांगा साहेब, हा कोण?" मी दर वेळी सांगायचो, "मासा." तेवढ्यावर त्यांची जेवणाची सुट्टी मजेत जायची. वर्षभरात मात्र सुरमई आणि रावस वेगळे ओळखायला लागलो. बोंबील काय, आंधळ्यालाही कळेल. मांदेली तळलेली असली की नाव विचारायचं नसतं, हात चालवायचा असतो. एवढ्या भांडवलावर मला वाटायला लागलं की आपल्याला मासे कळतात.

मग एका रविवारी दुपारी चार वाजता मी खाडीच्या बांधावर उभा होतो आणि समोरच्या चिखलातून एक मासा चालत गेला.

तेव्हा मी त्याला मासा म्हटलंच नव्हतं, हे आधी कबूल करतो. आधी वाटलं सरडा. मग वाटलं बेडकाचं दांडगं पिल्लू, शेपूट गळायचं राहून गेलेलं. वीतभर लांबी, रंग चिखलाचाच, डोकं जाड आणि पुढून बोथट. त्या डोक्याच्या अगदी माथ्यावर, एकमेकांना खेटून, मटाराचे दाणे चिकटवावेत तसे दोन डोळे. पुढचे दोन्ही पर एकदम पुढे टेकवायचे, कुबड्यांवर माणूस जसं अंग पुढे झोकतो तसं अंग ओढून घ्यायचं, आणि थांबायचं. थांबला की ते दोन्ही डोळे डोक्यात गडप व्हायचे आणि ओले होऊन परत वर यायचे. मागे चिखलात एक बारीक चर उमटत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना वल्ह्याच्या टोकासारखे ठसे. मग समोरून दुसरा एक आला. दोघांनी पाठीवरचे पंख पंख्यासारखे उभारले, तोंडं आ वासून एकमेकांवर धरली, आणि एकाएकी पहिला भोकात नाहीसा झाला. दुसरा तिथेच बसून राहिला, हप्ता वसूल करायला आल्यासारखा.

मी फोन काढून नऊ फोटो घेतले. घरी आल्यावर सगळ्यांच्या कडा कापल्या. मला चिखल नको होता, प्राणी हवा होता. भोकं, डबकी, मागची तिवराची झुडपं, कोपऱ्यात रुतलेली कुणाची तरी निळी चप्पल, सगळं छाटून मधला ऐवज तेवढा ठेवला. पुढच्या काही महिन्यांचा गोंधळ इथूनच सुरू झाला.

फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपनं पहिल्या फोटोला पाल ठरवलं. दुसऱ्याला कुठल्याशा पूर्वेकडच्या बेटावरचा मासा म्हटलं, तिसऱ्याला नुसतं 'प्राणी'. त्या तिसऱ्या उत्तरात माझं 'मासा' मला ऐकू आलं. शेवटी सोमवारी बाजारात जिच्याकडून मासे घेतो त्या मावशींपुढे फोन धरला. त्यांनी तो हातभर लांब नेला, जवळ आणला, अंगठ्यानं काच पुसली.

"कंचा ह्यो? नुसता चिखलाचा गोला दिसतं. कुठं बगलास?"

मी सांगितलं, बांधाच्या पलीकडे, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जरा अलीकडे, पाणी पार उतरलं होतं तेव्हा. मावशींनी फोटोकडे पुन्हा न बघता फोन परत दिला.

"मंग निवटाच. दुसरा कोन आसल तिथं?"

झालं. ज्याला मी रात्रभर ॲपवर घासत होतो त्याचं नाव त्यांनी पत्त्यावरून सांगितलं. मी हे तेव्हा मनावर घेतलं नाही. 'पत्त्यावरून' ओळख हा मला जरा कच्चा पुरावा वाटला. बँकेत आम्ही पत्त्याचा पुरावा वेगळा आणि ओळखीचा पुरावा वेगळा मागतो.

निवटा, निवटी, निवट्या. ठाण्यापासून रायगडपर्यंत आगरी-कोळी घरांत हे नाव लहान पोरालाही ठाऊक असतं. खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा, जिवंतच बाजारात येणारा, चिंच आणि आगरी मसाला घालून कालवणात जाणारा. वर गुजरातेत, खंभातच्या आखाताकडे, याला लेवटा म्हणतात. न चा ल झालाय फक्त, आपलं निंबू-लिंबू होतं तसं. आणि इंग्रजीत मडस्किपर. शाळेच्या पुस्तकात 'पाण्याबाहेर राहणारा मासा' म्हणून एक चित्र होतं, ते मला आता आठवलं. पण ते चित्र मी कुठल्या तरी आफ्रिकेतलं समजून पान उलटलं होतं. आपल्या ट्रेझरी शाखेपासून पंधरा मिनिटांवर तो बसलेला असेल, हे त्या पानावर नव्हतं.

नाव मिळालं तरी मला चैन पडेना. 'निवटा' हे एकाच माशाचं नाव की चार माशांचं? माझा एक कॉलेजमधला मित्र प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवले. तासाभरानं उत्तर आलं, एकाच ओळीचं: "कापण्याआधीचा फोटो पाठव."

मी पाठवला. नशिबानं मूळ फोटो खोडले नव्हते. मग त्याचा फोन आला आणि पुढची वीस मिनिटं तो माशाबद्दल जवळजवळ बोललाच नाही. तो चिखल वाचत होता.

"झाडं केवढी लांब आहेत? मागे, धूसर? बरं. म्हणजे हा झाडांच्या मुळांतला नाही, उघड्यावरचा आहे. चिखल चकाकतोय, म्हणजे ओला, मऊ. आता तुझ्या माशाच्या डावीकडे बघ. चिखलावर अर्धगोल ओरखडे दिसतात? बोट डावीकडून उजवीकडे फिरवावं तसे?"

दिसत होते. दहा-बारा होते, एकावर एक, विळ्याच्या पात्यासारखे. मी ते कापून टाकले होते.

"ते त्याच्या जेवणाचे आहेत," तो म्हणाला. "तुला मासा मी आता सांगू शकतो."

हे नीट सांगण्यासारखं आहे. ओहोटीनंतर चिखलावर जो सोनेरी-तपकिरी तवंग दिसतो तो घाणीचा नसतो. ती डायटम्स असतात, काचेच्या कवचाची एकपेशीय शेवाळं. दिवसा ऊन पडलं की ती वर सरकतात. निवट्यांच्या बिरादरीतले पुष्कळसे मांसाहारी आहेत, किडे-खेकडे टिपणारे. पण एक कुळी अशी आहे जी हा तवंग खाते. खालच्या जबड्यातले दात जवळपास आडवे, पुढे झुकलेले. तोंड चिखलाला टेकवायचं आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत पुढे सरकायचं, लॉनवर यंत्र फिरवावं तसं. साय निघते, चिखल बराचसा मागे राहतो. या कुळीचं नाव बोलिऑफ्थॅल्मस. ग्रीकात अर्थ साधारण 'डोळे बाहेर फेकलेला'. नाव ठेवणाऱ्याला डोळेच दिसले, ओरखडे दिसले नसावेत. तोही माझ्यासारखाच.

मित्रानं आणखी एक गोष्ट सांगितली जी मला तेव्हापासून चिखलाकडे बघताना सोडत नाही. ओहोटीनंतर उघडा पडलेला चिखल सपाट दिसतो, पण राहणाऱ्यांच्या दृष्टीनं तो चाळीसारखा मजल्यामजल्यांचा असतो. सगळ्यात वर, तिवरांच्या मुळांशी, जिथं पाणी थोडा वेळच येतं, तिथं पेरिऑफ्थॅल्मस कुळीतले छोटे निवटे. मुळांवर चढणारे, बराच काळ हवेत काढणारे, शिकारी. मधे, उघड्या ओल्या पटांगणावर, आपला साय खाणारा. आणि अगदी खाली, जिथं चिखल ताकासारखा पातळ असतो आणि माणूस मांडीपर्यंत जातो, तिथं स्कार्टेलाओस नावाचा काटकुळा भाऊबंद. त्याच्या पाठीवरचा पुढचा पंख झेंड्याच्या काठीसारखा उंच असतो आणि मादीला खूश करायला तो शेपटीवर उभा राहून उडी घेतो. भाड्यानं राहणारे एका मजल्यावरून दुसऱ्यावर सहसा जात नाहीत. मजला कळला की निम्मी ओळख झाली. मावशींचा 'कुठं बगलास' हा प्रश्न आणि मित्राचा 'झाडं केवढी लांब' हा प्रश्न एकच होता, हे कळायला मला अंमळ उशीर लागला.

पुढच्या रविवारी मी चारलाच बांधावर हजर झालो, या वेळी मजले बघायला. समोर चिखल नव्हताच. बांधाला पाणी टेकलं होतं आणि एक बगळा बांधावर, माझ्यासारखाच, वाट बघत उभा होता. मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "तिथीचं पाऊन करायचं," म्हणाल्या. हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आदल्या रविवारी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पावणेदहाला भरती आणि सहा तासांनी, चारच्या सुमाराला, ओहोटी. या रविवारी पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. चार वाजता मी भर भरतीला चिखल शोधत होतो. व्याजाचे कोष्टक तोंडपाठ असणाऱ्या माणसाला हे गणित येत नव्हतं, आणि ते बाजारातल्या पाटीमागे बसून केलं जात होतं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय माझ्यासाठी लागतं. संकष्टी कधी आहे हे हिनं बघावं, मी चतुर्थीची पाऊणपट करून तीन वाजताची भरती बघतो.

आता जातीची गोष्ट. बोलिऑफ्थॅल्मसमध्ये आपल्याकडे घोळ होतो तो दोघांत. एक बोडार्टी. पॅलस या शास्त्रज्ञानं १७७० साली वर्णन केलेला, बोडार्ट या डच डॉक्टरच्या नावाचा. दुसरा दुसुमिएरी. इंटरनेटवर बोडार्टीचे फोटो देखणे आहेत, अंगावर तिरपे गडद पट्टे आणि निळे ठिपके. माझ्या फोटोत मला पट्टे दिसले. ठिपकेही दिसले. दिसायचे म्हटल्यावर दिसतातच. मी शाखेत जाहीर करून टाकलं की आपल्या खाडीत बोडार्टी आहे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगितलं, कॅश काउंटरवर रांग असताना सांगितलं. मित्रानं थंडपणे विचारलं, "खवले मोजलेस?"

निवट्याला खवले असतात हेच मला दिसलं नव्हतं. पण असतात, बारीक, कातडीत रुतलेले, वर बुळबुळीत थर. बोडार्टीच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत मोजले तर ते शंभराच्या बरेच खाली भरतात. दुसुमिएरीचे शंभराच्या वर जातात. पट्टे-ठिपके चिखलानं, उजेडानं, मेल्यावर बदलतात. खवल्यांची संख्या बदलत नाही.

मोजायला मासा हवा. मावशींकडे गेलो, एक वाटा सांगितला आणि सवयीनं पुढचं वाक्य तोंडातून गेलं, "साफ करून द्या." घरी पिशवी उघडली तर आत गुलाबी-पांढरे, गुळगुळीत, निर्विकार तुकडे. बुळबुळ जाण्यासाठी निवटे चुलीची राख लावून घोटतात. माझा सगळा पुरावा राखेत गेला होता. त्या रात्री पुराव्याचं कालवण झालं. चव सांगायची तर मांस मऊ, गोडसर, काटा बेताचा, आणि रस्सा असा की भाकरीऐवजी भाताकडे हात जातो. बार्शीच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणून हिनं ते मला दोनदा म्हणायला लावलं.

पुढच्या आठवड्यात दोन निवटे जिवंत आणले, स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात. पाण्याबाहेर ते इतका वेळ कसे काढतात हे वाचून माहीत होतं. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातून ते हवेतला प्राणवायू घेतात, गालात पाणी-हवा भरून ठेवतात. फक्त वाळायचं नाही, एवढीच अट. पण वाचणं वेगळं. मी भिंग शोधायला आत गेलो आणि हिची हाक आली ती अशी की पाल पडली असावी. एक निवटा डब्याबाहेर पडून ओट्यावर, गॅसच्या नळीशी, पर टेकून बसला होता. डोळे आत गेले, वर आले. दोघं एकमेकांकडे बघत होते. त्यानंतर मोजणीचं काम बाल्कनीत हलवण्यात आलं आणि दोघांना आधी फ्रीझरमध्ये पाठवावं लागलं. त्याचं वाईट वाटलं. पहिल्या वाट्याचं वाटलं नव्हतं, कारण ते मला ओट्यावरून बघत नव्हते.

आधी उलटा केला. पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन वाटीसारखा एकच पर झालेला. ही गोबी नावाच्या माशांच्या कुळाची खूण. निवटा शेवटी गोबीच, फक्त जमिनीच्या नादी लागलेला. पाठीवर पुढच्या पंखात काटे पाच. मग खवले. बुळबुळ कापसानं पुसली, अंग जरा सुकू दिलं. तरी कडा दिसेनात. शेवटी स्टॅम्प-पॅडची जांभळी शाई बोटानं चोळली आणि ओल्या फडक्यानं पुसली. खाचांत शाई राहिली आणि अचानक पूर्ण अंगावर जाळी उमटली, कौलारू छपरासारखी, एकावर एक. दर दहाव्या खवल्याला एक टाचणी. पहिल्यांदा एकशे अठरा आले. दुसऱ्यांदा एकशे एकतीस. तिसऱ्यांदा एकशे चोवीस. एवढ्या फरकासाठी मी कॅशिअरला रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं असतं. पण तिन्ही आकडे शंभराच्या वर होते. दुसऱ्या माशाचेही. बोडार्टी गेला. दुसऱ्या दिवशी शाखेत सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं, रांगेसकट.

ज्याच्या नावानं हा दुसुमिएरी झाला तो द्युस्युमिए फ्रान्समधल्या बोर्दोचा व्यापारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजं घेऊन हिंदी महासागरात येजा करायचा. व्यापार करता करता जनावरं, पक्षी, मासे जमवायचा आणि पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयाला द्यायचा. तिथं क्युव्हिए आणि व्हॅलेन्सिएन जगातल्या माशांचा मोठा ग्रंथ लिहीत होते. क्युव्हिए १८३२ साली वारला, व्हॅलेन्सिएननं काम पुढे नेलं, आणि १८३७ सालच्या बाराव्या खंडात हा निवटा आला, आणणाऱ्याचं नाव लावून. नमुना कुठला, तर मुंबईचा. म्हणजे ज्याची मी पॅरिसच्या नावानं जात शोधत होतो तो मुळात याच खाडीपलीकडचा गाववाला. स्पिरिटात बुडून समुद्रापार गेलेला, बाटलीवर शहराचं नाव, आणि चिखल धुऊन टाकलेला. पहिली छाटणी माझी नव्हती तर.

जाता जाता: मांदेलीचं शास्त्रीय नाव कोइलिया दुसुमिएरी. तोच माणूस. आपण ज्याच्या नावाची ताटलीभर तळून खातो, त्याच्या नावाचा दुसरा मासा चिखलात बसून डोळे मिटतो. मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला कुठं ठावं म्हावरा रांधायचा."

दुसुमिएरी पर्शियन आखातापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत राहतो. कुवेतच्या चिखलात १९८० च्या सुमाराला क्लेटन आणि व्हॉन या दोघांनी त्याचं निरीक्षण केलं. तेव्हा त्यांनीही त्याला बोडार्टीच म्हटलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांना दिसलं की दाटी झाली की हे मासे तोंडानं चिखल आणून आपल्या जागेभोवती बुटक्या भिंती घालतात. शेजारच्याची भिंत आपलीही, म्हणून वरून बघितलं तर पाचकोनी घरांची जाळी. भिंतीमुळे ओहोटीलाही आत थोडं पाणी राहतं, त्यात साय धरते. म्हणजे वाडी आणि वाडीचं कुंपण. मी उरणला अशा भिंती पुष्कळ शोधल्या. एका जागी तीन बाजूंचं काहीतरी दिसलं, पण ते निवटे काढायला गेलेल्या माणसाच्या टाचांचंही असू शकेल.

बिळाचं आणखी वेगळं. चिखल दोन-चार बोटं खणला की काळा लागतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथं प्राणवायू नसतो. अशा जागी अंडी घालायची म्हणजे कोंडून मारायचीच. म्हणून बिळाच्या तळाशी वर उचललेली एक खोली असते आणि तिच्या छताला अंडी चिकटवलेली. १९९८ साली जपानी संशोधकांच्या गटानं मलेशियातल्या एका मोठ्या निवट्याच्या बिळात हवा साठवलेली असल्याचं दाखवलं. मासा वर येऊन तोंडभर हवा घेतो, खाली नेऊन खोलीत सोडतो, परत वर येतो. घागरीनं पाणी भरावं तशी हवा भरणं. जपानमधल्या एका लहान जातीत तर बाप हे रोज करतो, आणि अंडी उबण्याच्या रात्री, भरती चढताना, उलटं काम करतो: तोंडात हवा भरून बाहेर आणून टाकतो. खोलीत पाणी शिरतं, पाणी लागल्यावर अंडी फुटतात. दहा-बारा पावलांवरून मला जे नुसतं भोक दिसत होतं, माझ्या फोटोतून मी कापलेलं भोक, त्याच्या आत कुणीतरी हवा भरत असणार होतं.

हे बघायला मी वर्षभर जात राहिलो. त्याच बांधाच्या उत्तरेला एक तुकडा आहे, तिथं भराव पडला आणि भरतीचं पाणी यायचं थांबलं. एका उन्हाळ्यात तिथं गेलो तर चिखलाला भेगा गेल्या होत्या, हात जाईल एवढ्या रुंद. मला एकदम बार्शीची मेमधली काळी रानं आठवली. साय नाही, ओरखडे नाहीत. भोकं होती, पण त्यांच्या कडा वाळून ढेकळांसारख्या सुटत होत्या. तिथं मी फोटो काढला नाही.

या मार्गशीर्षात मावशींचे यजमान म्हणाले, एकदा आत या, बांधावरून काय कळतं. अमावास्या होती, ओहोटी साडेपाचची. चपला बांधावर काढल्या. पहिल्या पावलाला पोटरी, चौथ्याला गुडघा. पाय उचलताना चिखल 'पच्च' करून हवा ओढतो आणि सोडायला तयार नसतो. टाच आधी टेकवायची नाही, चवडा तिरपा घालायचा, उभं राहायचं नाही. काकांनी भोकं दाखवली. बाहेर उकरलेल्या चिखलाचा ढीग असेल तर चिंबोरी, म्हणजे खेकडा, तिथं हात घालायचा नाही. तोंड गुळगुळीत, ओलं, शेजारी ओरखडे, तर निवटा. बिळाला दुसरं तोंड असतंच. एकावर टाच दाबायची आणि दुसऱ्यात हात घालायचा.

मी आडवा झालो. कोपर गेलं, दंड गेला, गाल चिखलाला टेकला. चिखल वरून कोमट होता आणि आत गार, आणि कान टेकल्यावर कळलं की तो बोलतो. सगळीकडून बारीक तडतड, फुटाणे भाजताना येते तशी, बुडबुडे फुटण्याची. बोटांना पाणी लागलं, मग पोकळी, मग काहीतरी जिवंत आणि गुळगुळीत वळलं आणि गेलं. मी हात काढला नाही. कारण त्याच वेळी माझ्या नाकापासून दोन हातांवर, माझ्या डोळ्यांच्या नेमक्या पातळीवर, दुसरा एक बसला होता. इथून तो मोठा दिसत होता. त्यानं डोकं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, एक अर्धगोल पुरा केला. डोळे आत गेले, वर आले. मग तो माझ्या दिशेनं एक पाऊल चालला.

काकांनी बांधावर गेल्यावर माझ्याच फोनमधून माझा एक फोटो काढून ठेवला होता. रात्री मी तो जसाच्या तसा आईला बार्शीला पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

"अरे, नुसता चिखल दिसतोय. तू आहेस कुठं यात?"

मी म्हटलं, उजवीकडे खाली बघ, काळा उंचवटा आहे तो मी.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. बहुधा फोन लांब धरून बघत असावी.

"बरं," ती म्हणाली. "आणि ती निळी चप्पल कुणाची?"